वसुलीवर बक्षीस आणि श्रमदानावर रोज

येत्या वार्षिक साधारण सभेपुढें आपल्या संस्थेच्या संचालक मंडळाकडून दोन ठराव यावयाचे आहेत, असें सभासदांस कळविण्यांत आलें आहे. पहिला ठराव असा कीं, सचिव व त्यांच्या हाताखालील कारकून यांचा पगार आहे तोच ठेवून ३१ मार्चअखेर जी कर्जवसुली होईल तिच्यावर शेंकडा कांहीं रक्कम त्यांस बक्षीस म्हणून द्यावी. दुसरा असा कीं, उन्हाळ्यांत नाल्यांतील गाळ काढण्याचें जें काम सभासद आजवर श्रमदानानें करीत आले, त्यास माणसें येईनाशीं झाल्यामुळें येणाऱ्या प्रत्येकास संस्थेच्या नफ्यांतून दिवसाचा रोज द्यावा. दोन्ही ठरावांमागील हेतु चांगला आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ठराव मांडणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे असून संस्थेविषयीं त्यांची कळकळ आम्ही जाणतों. तथापि ठराव आहेत तसे मंजूर झाल्यास वसुली कागदावर वाढेल आणि नाल्यावर माणसें कमी होतील, असें आमचें नम्र मत आहे. तें कां, हें सभेपूर्वींच सभासदांपुढें ठेवावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमचा सारा जन्म महसुलाच्या कचेरींत कारकुनी करण्यांत गेला. अर्थशास्त्र आम्ही शिकलों नाहीं. परंतु बक्षिसाची आशा व ठपक्याची भीति यांच्यामुळें माणसाच्या हातून काय होतें आणि काय होत नाहीं, हें टेबलाच्या मागें बसून पाहण्याचा योग आम्हांस पुष्कळदां आला. त्यांतील एकच गोष्ट येथें सांगतों.

आम्ही एका तालुका कचेरींत असतांना (कोणत्या, तें सांगण्यांत आतां अर्थ नाहीं) फेरफार नोंदी फार तुंबल्या होत्या. वारसाच्या, वाटणीच्या, खरेदीच्या नोंदी महिनोगणती पडून राहत, आणि लोक हेलपाटे घालून कंटाळले होते. तेव्हां वरिष्ठांनीं जाहीर केलें कीं, सहा महिन्यांत जो तलाठी सर्वांत अधिक नोंदी निकालीं लावील, त्याचा शाल व प्रशस्तिपत्र देऊन गौरव होईल. (तलाठ्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या जिभेस जुनाच शब्द येतो, वाचकांनीं क्षमा करावी.) दरमहाचा तक्ता तयार करण्याचें काम आमच्याकडे होतें. पहिल्याच महिन्यांत आंकडे वाढले, दुसऱ्यांत आणखी वाढले. वरिष्ठ संतुष्ट झाले व आम्हांसहि धन्यता वाटली.

तिसऱ्या महिन्यांत तक्ता मूळ नोंदवह्यांशीं ताडून पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां खरा प्रकार ध्यानांत आला. एका तलाठ्यानें बिनहरकतीच्या खरेदीच्या नोंदी प्रथम उरकल्या होत्या. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु जेथें भाऊबंदांची हरकत आली, तेथें ‘कागदपत्रें अपूर्ण, सबब नोंद रद्द’ असा शेरा मंडळ अधिकाऱ्यांकडून पाडून घेण्याचा त्यानें धडाका लावला होता. रद्द झालेली नोंद हीहि निकालीं निघालेली नोंदच. तोच मनुष्य नवीन अर्ज घेऊन पुन्हां आला, म्हणजे नोंद दुसऱ्यांदा धरावयाची आणि दुसऱ्यांदा निकालीं लावावयाची. एका वाटणीचे दोन, कोठें तीनहि निकाल तक्त्यांत बसले होते, आणि वाटणी होती तेथेंच होती.

त्याच तालुक्यांत दुसरे एक वयस्क तलाठी होते. हरकतीची नोंद आली कीं ते दोघां भावांस चावडीपुढील लिंबाखालीं बसवीत, चहा पाजीत, बांध कोठें सरकला, विहिरीची पाळी कोणाची, बहिणीचें हक्कसोडपत्र झालें आहे कीं नाहीं, हें सगळें ऐकून घेत, आणि पुष्कळदां दोघेहि एका जबाबावर सह्या करून उठत. एका नोंदीस त्यांचे चार चार दिवस जात. पण ती नोंद झाली म्हणजे कायमची झाली. तिच्यामागून अपील येत नसे, कीं बांधावर कोणाचें डोकें फुटत नसे. तक्त्यांत त्यांचें नांव शेवटून दुसरें लागलें. शाल अर्थातच पहिल्यास मिळाली, आणि त्या टिपणावरचें अक्षर आमचें होतें.

पुढच्या वर्षीं या वयस्क तलाठ्यांनींहि लिंबाखालीं बसणें सोडल्याचें आमच्या कानीं आलें. भेट झाली तेव्हां आम्हीं विचारलें. ते हंसून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या तक्त्यांत लिंबाखालचा रकाना नाहीं.” रकाना वाढवावा असें टिपण आम्हांस ठेवतां आलें असतें. आम्हीं ठेविलें नाहीं. निवृत्तीच्या वेळीं आम्हांसहि एक प्रशस्तिपत्र मिळालें, तें पेटींत आहे. तें काढून पाहण्याची इच्छा आम्हांस फारशी होत नाहीं.

बक्षीस लावल्यानें मनुष्य उद्योगी होतो, हें खरेंच आहे. तो उद्योग कोणीकडे वळतो, एवढेंच पाहावयाचें असतें. जें मोजलें जातें तिकडे तो वळतो, आणि जें मोजतां येत नाहीं तें मागें पडतें. ही गोष्ट आपल्याच देशांतली आहे असेंहि नाहीं. १९०२ सालीं फ्रेंच अमलाखालील हनोई शहरांत प्लेगाच्या भीतीनें उंदरांवर बक्षीस लाविलें होतें. मेलेले उंदीर कचेरींत कोठें ठेवावयाचे, म्हणून शेंपूट आणून दाखविलें तरी पैसा मिळे. शेंपट्यांचे ढीग येऊं लागले. कांहीं दिवसांनीं शहरांत बिनशेंपटीचे उंदीर हिंडतांना दिसूं लागले, कारण उंदीर जिवंत सोडला तर त्यास पिलें होणार आणि पिलांस शेंपट्या असणार. आणि शहराबाहेर तर लोकांनीं उंदीर पाळण्यासच आरंभ केला. बक्षीस देणारा मूर्ख नव्हता व घेणाराहि विशेष लबाड नव्हता. शेंपूट मोजण्यास सोपें होतें, इतकेंच.

आतां आपल्या वसुलीकडे वळूं. मार्च महिन्यांत काय चालतें हें सभासदांस सांगावयास नको, तरी ठरावाच्या संदर्भांत सांगणें प्राप्त आहे. पीककर्ज मुदतींत भरलें कीं व्याजाची सवलत मिळते. केंद्राची तीन टक्क्यांची व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवची अशा सवलती मिळून, २०२१-२२ पासून तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेवर फेडणाऱ्यास व्याज पडेनासें झालें. ही सवलत चांगली. परंतु भाव येईल म्हणून कापूस घरांत पडलेला, सोयाबीन मातीमोल गेलेलें, तुरीची रक्कम व्यापाऱ्याकडे अडकलेली, अशा स्थितींत ऐन मार्चअखेर रोकड कोठून यावी? मग सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठीं रक्कम उचलावयाची, संस्थेचें कर्ज भरावयाचें, नवें कर्ज मंजूर झालें कीं त्यांतून सावकाराची रक्कम परत करावयाची, आणि मधल्या दिवसांचें व्याज त्याच्या पदरांत टाकावयाचें. ह्याचेंच नांव नवें-जुनें. वहीवर वसुली पूर्ण होते. शेतकऱ्याच्या डोक्यावरचें कर्ज तेवढेंच राहतें, आणि बिनव्याजी म्हणविलेल्या कर्जास सावकाराचें व्याज लागतें.

नवें-जुनें आजहि होतें, आणि सचिव तें डोळ्यांनीं पाहतात. परंतु आज ते तें नाइलाजानें होऊं देतात. वसुलीच्या प्रत्येक शंभर रुपयांमागें त्यांस कांहीं मिळूं लागलें, तर त्याच व्यवहारांत त्यांचा वांटा पडेल. मग सावकाराची गांठ घालून देणारे तेच होतील. आम्ही कोणावर आरोप करीत नाहीं. अशा बक्षिसाच्या जागीं आम्ही असतों तर आमच्या हातूनहि तेंच झालें असतें, याचा पुरावा वर दिलाच आहे.

उलट पाहा. आपले सध्यांचे सचिव दसऱ्यापासून सोयाबीन बाजारांत जाऊं लागलें कीं मोटरसायकलीवरून गांवोगांव फिरतात आणि म्हणतात, “दादा, आतां हातांत पैसा आहे, अर्धें भरून टाका.” ज्यास लग्नकार्यासाठीं कर्ज पाहिजे असतें, त्यास ते कधीं कधीं ‘घेऊं नका’ असेंहि सांगतात. एखाद्या विधवा बाईच्या नांवावर वारसनोंद झाली नाहीं म्हणून तिला कर्ज मिळत नाहीं, तर ते तिच्याबरोबर तहसिलींत येतात; आम्ही नोकरींत असतांना त्यांस आमच्या टेबलापुढें उभें राहिलेलें पाहिलें आहे. पीकविम्याची तक्रार मुदतींत नोंदविण्याची आठवण तेच देतात. यांतलें एकहि काम ३१ मार्चच्या आंकड्यांत दिसत नाहीं. ‘कर्ज घेऊं नका’ म्हणून सांगण्यानें तर पुढील वर्षाची वसुलीची रक्कम, आणि तिच्याबरोबर बक्षीस, कमीच होणार. अशा माणसास आपण ठराव करून सांगणार कीं, तुमच्या ज्या कामामुळें लोक संस्थेंत टिकून आहेत, तें आमच्या हिशेबीं नाहीं.

वसुलीचें खरें दुखणें निराळेंच आहे, आणि तें सचिवांच्या आळसांत शोधूं नये. २००८ सालीं केंद्रानें, २०१७ व २०१९ सालीं राज्यानें कर्जें माफ केलीं. माफी नको होती असें आम्ही म्हणणार नाहीं. मराठवाड्यांतील ज्या घरांचे कर्ते पुरुष गेले त्यांच्या अंगणांत आम्ही पंचनाम्याचे कागद घेऊन उभे राहिलों आहों. परंतु ज्यानें बायकोचे दागिने मोडून हप्ता भरला, त्यास गांवानें वेड्यांत काढलें, हेंहि खरें आहे. पुढें सरकारास तें कळलें. २०१७ च्या योजनेंत नियमित फेडणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत, आणि २०१९ च्या योजनेंत ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेविली. ही दुसरी रक्कम प्रत्यक्ष खात्यावर पडण्यास २०२२ साल उजाडलें. आमच्या धाकट्या बंधूंस ती मिळाली. त्यांस आनंद झालाच, पण ते म्हणाले, “माझ्या खरेपणाची किंमत आतां सरकारानें ठरविली. शेजाऱ्यास माझ्याहून जास्त मिळालें, म्हणजे त्याच्या न फेडण्याची किंमत जास्त.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. असो.

येथें कोणी म्हणेल, तर मग सचिवांनीं फुकट राबावें काय? मुळींच नाहीं. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. काम सेवेचें आहे, मानाचें आहे, असें सांगून मोबदला बुडविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास वाईट आहे. मुंबई इलाख्यांत महारवतन होतें. वतनदार महारानें दिवस पाहूं नये कीं रात्र पाहूं नये. टपाल पोंचवावें, सारा वसुलीस माणसें बोलवावीं, अधिकारी येतील त्यांची सरबराई करावी. आणि मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा व बलुत्याचे चार दाणे. कामास सीमा नव्हती, मोबदल्यास मात्र होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत याविरुद्ध विधेयक मांडलें. वतनें प्रत्यक्ष रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. ‘वतन’ हा शब्द ऐकण्यास किती मानाचा! त्याखालीं वेठ होती.

आजचें उदाहरण हवें असल्यास आपल्या गांवच्या आशाताईंकडे पाहावें. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून ह्या बायका गांवोगांव नेमल्या गेल्या. कागदोपत्रीं त्या ‘स्वयंसेविका’. म्हणून पगार नाहीं, कामागणिक मोबदला. बाळंतपण दवाखान्यांत झालें असल्यास त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं जाऊन बाळास पाहावयाचें, आणि साऱ्या भेटी झाल्या कीं २५० रुपये, असा दर ठरला. ह्या घरभेटींची पद्धति डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत सिद्ध करून दाखविली, आणि तिनें बालकांचे प्राण वांचतात यांत संशय नाहीं. परंतु आमच्या सुनेस पहिल्या खेपेस दूध येईना, तेव्हां आशाताई लागोपाठ तीन संध्याकाळीं येऊन बसल्या होत्या. त्यांतली एकच भेट दरपत्रकांतली होती. बाकीच्या दोन कोणत्या रकान्यांत घालावयाच्या?

महामारींत ह्याच बायका घरोघर फिरल्या. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा जगापुढें गौरव केला, आणि तो योग्यच झाला. पण गौरवानें दळण येत नाहीं. महाराष्ट्रांतील आशांस २०२१ सालीं संप करावा लागला होता, आणि गौरवानंतर २०२३ सालीं पुन्हां करावा लागला. मान हा पुरत्या पगाराच्या वर घालावयाचा असतो. त्याच्या जागीं ठेवला तर ती फसवणूक होते. म्हणून सचिव व कारकून यांच्या बाबतींत आम्ही सुचवितों कीं, बक्षिसासाठीं जी रक्कम काढून ठेवावयाची ती सरळ त्यांच्या मासिक पगारांत घालावी, व ती महिन्याच्या महिन्यास द्यावी. पगार पुरता व वेळेवर मिळाला कीं मनुष्य कामाकडे पाहतो. तो तुटपुंजा ठेवून वर बक्षिसाचें गाजर बांधलें, तर तो गाजराकडे पाहतो. आणि यांत दोष त्याचा नसतो.

आतां दुसरा ठराव. श्रमदानास माणसें कमी येऊं लागलीं, ही वस्तुस्थिति आहे. पहिल्या वर्षीं नाल्यावर जागा पुरत नव्हती, आणि गेल्या उन्हाळ्यांत आम्ही स्वतः मोजलीं तर एकोणीस माणसें होतीं. त्यांत दोघे फोटो काढण्यापुरते आले होते. तरी रोज लावण्यापूर्वीं दोन-तीन ठिकाणचा अनुभव पाहावा.

आपल्याच जिल्ह्यांतील कडवंची गांव सर्वांस ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतून, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या व विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखालीं तेथें माथा ते पायथा काम झालें. त्या कार्यक्रमांत गांवानें कांहीं श्रमदान करावें, आणि मोकाट चराई व झाडतोड बंद करावी, ही अट होती. पैसा बाहेरून आला, मजुरांस मजुरीहि मिळाली. पण गांवाचा वांटा गांवानें दिला. पुढें तेथें द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेततळीं झालीं, आणि २०१२ च्या दुष्काळांत जेव्हां आपण टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलों होतों, तेव्हां लोक कडवंची पाहण्यास जात होते. बांध कोणी फोडला तर तेथें गांवास राग येतो, कारण त्यांत गांवाचा घाम आहे. ज्या बांधावर केवळ कंत्राटदाराचें बिल निघालें, तो फुटला तर आपण म्हणतों, ‘सरकारचा बांध फुटला.’

बक्षिसानें सार्वजनिक काम होतच नाहीं, असेंहि नाहीं. २०००-०१ सालीं ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनीं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलें. त्यापूर्वीं घरटी अनुदान देऊन शौचकूप बांधून घेण्याचा क्रम होता. त्यांपैकीं कित्येकांत आम्ही तपासणीस गेलों असतां गोंवऱ्या, सरपण व कोंबड्या पाहिल्या आहेत. अभियानांत कोणा एकास कांहीं नाहीं. सारें गांव स्वच्छ झालें तर गांवास बक्षीस, तेंहि काम झाल्यावर. मग एकमेकांस हांका मारून लोक रस्त्यावर उतरले. ज्यांस बक्षीस मिळण्याचा संभव नव्हता अशीं गांवेंहि झाडलीं गेलीं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ सालीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत सुरू झाली, तीहि याच धर्तीची. कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवास पहिलें ५० लाखांचें बक्षीस मिळालें; पण बाकीच्या गांवांस पावसाळ्यांत स्वतःच्या चरांत उभें राहिलेलें पाणी मिळालें, तें काय थोडें झालें?

आणि तरीहि बक्षिसाची मर्यादा याच अभियानाच्या पुढच्या भागांत दिसली. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार २००५ पासून दिला जाऊं लागला. ग्रामपंचायतीस लोकसंख्येप्रमाणें ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत रक्कम. आपल्या राज्यानें त्यांत फार मोठा वांटा मिळविला. परंतु पुढें झालेल्या पाहण्यांत असें आढळलें कीं, कित्येक निर्मल गांवांत लोक पुन्हां पहांटे लोटा घेऊन बाहेर जाऊं लागले होते. तपासणी समिती येण्याच्या आठवड्यांत गांवाचा जो उत्साह असे, तो कमान उभी राहिल्यावर मावळला. जेथें बायकांस स्वतःस सोय वाटूं लागली, तेथें टिकलें. जेथें पाटीसाठींच केलें होतें, तेथें पाटी राहिली. गाडगेबाबा स्वतः हातांत खराटा घेऊन गांव झाडीत, तेव्हां कोणती समिती पाहण्यास येत होती?

ह्या साऱ्या प्रकरणांत गांवास बक्षीस होतें, कोणा एकाच्या हातावर रोज ठेविला नव्हता. आपला ठराव त्याहून निराळा आहे, आणि त्याचा परिणाम काय होईल याची कल्पना परदेशांतील एका पाहणीवरून येते. आमचे पुतणे महाविद्यालयांत शिकवितात, त्यांनीं ती आम्हांस वाचून दाखविली. १९९३ सालीं स्वित्झर्लंडांतील वोल्फेनशीसन नांवाच्या गांवीं, अणुभट्ट्यांचा उरलेला घातक कचरा पुरण्याची जागा होण्याचा संभव होता. फ्राय व ओबरहोल्झर-गी या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं लोकांस विचारलें, हा कचरा तुमच्या शिवारांत घ्याल काय? देशास गरज आहे असें समजून शंभरांतील एकावन्न जणांनीं होकार दिला. मग विचारलें, दरसाल भरपाई मिळाल्यास घ्याल काय? होकार पंचविसांवर आला. पैसा वाढला आणि संमति निम्म्यावर उतरली! कर्तव्य म्हणून विचारल्यावर जो मनुष्य ‘हो’ म्हणाला, तोच सौदा म्हणून विचारल्यावर ‘परवडत नाहीं’ म्हणाला.

आपल्या नाल्यावरहि हेंच होईल. आज जो चार एकरांचा धनी घमेलें घेऊन येतो, तो ‘गांवाचें काम’ म्हणून येतो. त्यास लाज वाटत नाहीं, उलट मान वाटतो. उद्यां त्याच घमेल्यास रोज लागला, कीं तो मनांत हिशेब करील: माझा दिवस इतका स्वस्त काय? मग तो सालगड्यास पाठवील. सालगडी उन्हांत राबेल, आणि रोज धन्याच्या खिशांत जाईल. ही आमची कल्पना नव्हे. पूर्वी गांवांत अशा रोजाच्या यादींत कोणाचीं नांवें व कोणाचे अंगठे असत, तें आम्हीं पाहिलें आहे.

कोणी म्हणतील, एक वर्ष रोज देऊन पाहूं. न जमल्यास बंद करूं. त्यांस हैफा शहरांतील गोष्ट सांगतों. तेथील कांहीं बालवाड्यांतून मुलांस नेण्यास आईबाप उशिरां येत, म्हणून दंड बसविला. उशीर कमी होण्याऐवजीं जवळ जवळ दुप्पट झाला. पूर्वीं शिक्षिकेस खोळंबून ठेवल्याची भीड वाटे; आतां पैसे भरले कीं झालें. पुढें दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वस्थितीवर आला नाहीं. दोघां संशोधकांनीं ही हकीकत २००० सालीं प्रसिद्ध केली. भीड एकदां मोडली कीं दर काढून घेतल्यानें ती परत येत नाहीं.

मग नाला गाळानें भरूं द्यावा काय? येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे, जी सभेंत कोणी बोलत नाहीं. श्रमदानास माणसें कमी येतात, त्याचें एक कारण असें आहे कीं, ज्यांनीं येणें बंद केलें त्यांतील पुष्कळांस जमीनच नाहीं. नाल्यांत पाणी थांबलें तर विहिरी कोणाच्या भरतात? कांठच्या जमीनवाल्यांच्या. निघालेला गाळ कोणाच्या शेतांत पडतो? त्यांच्याच. भूमिहीन मजुरानें दिवसाची मजुरी बुडवून आमच्या विहिरीस पाणी आणावें, आणि त्यास आपण ‘श्रमदान’ म्हणावें, हें जुन्या वेठीपासून फार दूर नाहीं. मजुरी घेणें यांत कमीपणा नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत याच मराठवाड्यानें खडी फोडून रोज घेतला व मानानें जगला. त्यांतूनच पुढें रोजगार हमीचा कायदा झाला.

तेव्हां ठरावास आमची दुरुस्ती अशी राहील. नाल्याच्या दोन्ही कांठांवरील व गाळ नेणाऱ्या खातेदारांची यादी सात-बारावरून करावी. ज्याची जितकी जमीन, तितके दिवस त्यानें स्वतः अथवा घरच्या माणसानें नाल्यावर यावें. सालगडी बदली चालूं नये. जो येणार नाहीं, त्याच्याकडून पैसे घेऊन त्यास मोकळा करूं नये, त्याचें नांव केवळ संस्थेच्या फळ्यावर लिहावें. भूमिहीन सभासदांस बोलावलें तर चालू दरानें मजुरी द्यावी, आणि त्यांच्याच हातांत द्यावी. काम पुरें झाल्यावर, तीन वर्षे नाल्यांत पाणी टिकलें, तर नफ्यांतून गांवाच्या शाळेस किंवा पाणवठ्यास कांहीं रक्कम द्यावी. तीहि आगाऊ जाहीर करूं नये.

वसुलीच्या ठरावाबाबतची सूचना वर दिलीच आहे. सचिवांच्या कामाचा वार्षिक अहवाल वाचतांना वसुलीच्या आंकड्याबरोबर किती सभासदांनीं मार्चपूर्वीं, माल विकल्यावर, स्वतःच्या पैशानें कर्ज भरलें, हें निराळें वाचावें. नवें-जुनें किती झालें हें पावत्यांच्या तारखांवरून ध्यानांत येतें. शोधणाऱ्यास तें कठीण नाहीं.

गाळाचें काम पुढील उन्हाळ्यांत, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागें सुरू करावें लागेल, म्हणजे मृगापूर्वीं तें आटोपेल. तोंपर्यंत खातेदारांची यादी तयार पाहिजे. ती करून देण्यास आम्ही तयार आहों. सर्व्हे नंबर व हिस्से आम्हांस बहुतेक पाठ आहेत. मात्र त्याबद्दल सभेंत शाल देऊं नये. कचेरींतलें एक प्रशस्तिपत्र पेटींत आहे, तेवढें पुरे.